मनात मांडे, भट्टीत नानकटाई

"काहीतरी वेगळं कर की गे," असं आमच्या घरात रोज कुणी ना कुणी म्हणतं. वेगळं केलं की मात्र प्रत्येकजण आधी दुसऱ्यानं खाऊन बघावं म्हणून थांबतो.

महाशिवरात्रीच्या सुमारास बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्यांचे ढीग लागतात. आमच्या तालुक्यातली नि खानापूरकडची रताळी पार दिल्लीपर्यंत जातात म्हणे. जी दिल्लीला जात नाहीत ती आमच्या घरी येतात. उकडून झाली, कीस झाला, पोळ्या झाल्या, तरी पोतं संपेना, म्हणून मी त्यांचा केक केला. वेलदोडा, गूळ, वरून काजू, सगळं रीतसर. आमच्या ह्यांनी एक तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "छान झालाय. खरं नुसतं उकडून दिलं असतंस तरी चाललं असतं."

सासूबाईंना असला त्रास नाही. त्या वेगळं काही करतच नाहीत, आणि रोज वेगळंच करतात. कालची भाकरी त्या ताकात कुस्करतात, वर लसणाची चरचरीत फोडणी देतात, आणि ताजी भाकरी बाजूला सारून घरातले सगळे तीच मागून घेतात. रात्रीचा भात सकाळी थालीपिठात शिरलेला असतो. वरण कुठं गेलं ह्याचा तर माग लागत नाही. उरलेलं उरलंय हे कळू न देणं, ह्यापलीकडं स्वयंपाकात प्रतिभा नावाचं आणखी काही असतं असं मला वाटत नाही. पण सासूबाईंना सर्जनशील म्हटलं तर त्या म्हणतील, "मी काय केलंय गे तुझं?"

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक फोन. थंडी पडली की आमच्याकडं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी जेवण, नंतर कथाकथन आणि शेवटी कवी. (जेवणानंतर कविता वाचायचं धाडस ज्यानं केलंय, त्याला जगात कशाचीच भीती उरत नाही.) अशाच एका संमेलनाच्या स्मरणिकेसाठी संपादकांनी मला लेख मागितला. विषय: स्वयंपाक, बेकिंग आणि लेखन यांतली रोजची सर्जनशीलता. मुदत: दिवाळीपूर्वी. दिवाळीपूर्वी बाईला सर्जनशीलतेवर लेख मागणारा माणूस अविवाहित असावा असा माझा अंदाज होता. तो खरा निघाला.

लिहायला बसले. फराळाची यादी ज्या वहीत होती तिच्याच मागच्या पानावर. सासूबाई आल्या.

"काय करूलालीस गे?"

"लेख लिहूलालेय."

"कशावर?"

"स्वयंपाकावर."

"मग स्वयंपाक कोण करूलालंय?"

ह्या प्रश्नावर आजवर अनेक लेख बसलेले आहेत.

लेखात एखादी कृती असावी, तीही नेमक्या प्रमाणासकट, असं संपादकांचं म्हणणं होतं. आता प्रमाण आणायचं कुठून? सासूबाईंना नानकटाईत तूप किती म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "बघून घाल की." म्हणून शेजारच्या अक्कांकडं गेले. त्या घरी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि स्वयंपाकाचं सांगायची वेळ आली की पुन्हा कन्नड. त्या म्हणाल्या, "स्वल्प हाक्री. नोडिकोंड हाक्री." थोडं घाला, बघून घाला. 1956 साली राज्यं नव्यानं आखली तेव्हापासून हा सीमाभाग भांडतोय. 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. पण तुपाचं प्रमाण कुणाला सांगायचं नाही, ह्यावर दोन्हीकडच्या बायकांचं संपूर्ण एकमत आहे.

कुंद्याची गोष्ट लेखात घालावी असंही वाटलं. बेळगावचा कुंदा म्हणे असाच झाला: कुणा मिठाईवाल्याचं चुलीवरचं दूध आटत राहिलं, तांबूस झालं, दाणेदार झालं, आणि टाकून द्यायच्या ऐवजी त्यानं चाखून बघितलं. गोष्ट खरी असो नसो, आम्ही सगळे ती पाहुण्यांना डबा देताना सांगतो. माझ्या हातून दूध आटून बुडाला लागतं तेव्हा मात्र घरात कुणाला इतिहास आठवत नाही. पातेलं कोण घासणार एवढंच विचारतात.

मांड्यांचं तर बोलायलाच नको. इतरत्र लोक मांडे मनातच खातात, बेळगावात ते लग्नाच्या पंगतीत मिळतात. पिठीसाखर आणि तूप भरलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत परातीपेक्षा मोठा करायचा, विस्तवावर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरीवर टाकायचा, आणि गरम आहे तोवर घडी घालायची. थांबलात तर मोडतो. मी शिकते म्हटल्यावर सासूबाई नुसत्या माझ्या हातांकडं बघत राहिल्या. तो विषय तिथंच संपला.

तेव्हा नानकटाई. घरी ओव्हन आहे, पण तो लावायचा म्हटलं की लाईट जाते. कुकरमध्येही करता येते: शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं, पाणी अजिबात नाही, दहा मिनिटं तापवायचं आणि मग ताटली ठेवायची. पण एका खेपेला आठ. दिवाळीला आमच्याकडं आठ नानकटाया म्हणजे चव बघायला लागतात तेवढ्या.

म्हणून भट्टी. दिवाळीच्या आधी बेकरीत आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर घेऊन जायची आमच्याकडची जुनी रीत. डबे, पिशव्या, पातेली घेऊन बायका रांगेत. मीही वही काखेत घेऊन उभी राहिले, म्हटलं नंबर येईपर्यंत लेख होईल. तो काही झाला नाही. झालं ते शिक्षण. पुढच्या बाईनं माझं तूप हुंगून बघितलं. मागचीनं वेलदोडे मोजल्यासारखं केलं. एकजण म्हणाली, रवा घालतात. दुसरी म्हणाली, रवा घालणारी घरं वेगळी. तिसरी अनगोळहून आली होती, तिनं बेसनाचा विषय काढला, आणि मग जे सुरू झालं त्यापुढं संमेलनातला परिसंवाद मिळमिळीत. सगळ्याजणी एकदम बोलत होत्या, सगळ्यांकडं दाखले होते, अध्यक्ष कुणीच नव्हतं आणि वेळ संपल्याची घंटाही नव्हती.

माझा नंबर आला. भट्टीवाल्या मामांनी गोळ्यात एक बोट खुपसलं. एकच.

"वैनी, तूप जास्त झालंय. पसरणार हे."

"मग?"

"मैदा लावूया. वाटीभर."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर एक माप उच्चारलं होतं. मी तिथंच वही उघडली. "मामा, एक किलो मैद्याला तूप किती धरायचं?"

मामांनी भट्टीत लांब फावडं घातलं, एक ट्रे फिरवला, दुसरा ओढला, कडा बघितल्या. मग म्हणाले, "निम्मं. तेवढीच पिठीसाखर. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसायची, सोडा चिमूटभर. मग मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं." आणि माझ्या चेहऱ्याकडं बघून: "लिहून घ्यायसारखं काय आहे ह्यात?"

रांगेतल्या बायका गप्प झाल्या. चार-पाचजणींनी ते मनात टिपून घेतलं हे मला स्पष्ट दिसलं. लगेच एकजण म्हणाली, "आमच्यात असंच करतात."

घरी डबा उघडला. वरून चिरा पडलेल्या, खाली बदामी, तोंडात टाकली की विरणाऱ्या. सासूबाईंनी एक मोडून बघितली, वास घेतला, खाल्ली. "बरी आहे," म्हणाल्या. आमच्या घरात ह्यावर श्रेणी नाही.

लेख मी त्या रात्री लिहून पाठवला. प्रतिभा, उरलेलं अन्न, कुंदा, सीमाप्रश्न, सगळं त्यात होतं, आणि शेवटी मामांचं प्रमाण. दुसऱ्याच दिवशी संपादकांचा फोन.

"लेख मिळाला, वैनी. उत्तम. खरं जागेची अडचण आहे. जाहिराती वाढल्यात. थोडा कापावा लागेल."

"किती?"

"नानकटाईची चौकट पूर्ण घेतो. बाकी बघू."

मी फोन ठेवला आणि घरात सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. सासूबाई मात्र चटकन बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"चौकटीत माझं नाव घालायला सांग. तूप कुणी कढवलं होतं?"