आधी दावोसला लांब पाठवा

स्पॉयलर आहेत, 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पुस्तकांचेही आणि मालिकेचेही. मालिका 2019 ला संपली, पाचवं पुस्तक 2011 ला आलं आणि सहाव्याची आपण सगळे अजून वाटच बघतोय, त्यामुळे आता कुणी खाली येऊन ओरडू नये ही नम्र विनंती.

'गेम ऑफ थ्रोन्स'वर चार जण बोलायला बसले की दहा मिनिटांत एक वाक्य येतंच: या जगात जादू फुकट नसते, किंमत मोजावी लागते. ते अशा थाटात म्हटलं जातं की पुस्तकांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी जणू नियमच लिहून दिलाय. मग त्या नियमावर चाहत्यांच्या तर्कांचे, म्हणजे थिअऱ्यांचे, मजलेच्या मजले. ड्रॅगनची तीन अंडी फुटली, म्हणजे तीन जीव गेले असणार. मोजा: परागंदा राजकन्या डेनेरिसचा नवरा द्रोगो, तिच्या पोटातलं बाळ आणि द्रोगोच्या चितेवर बांधलेली ती बाई. जुळला हिशेब. दंतकथेतला वीर आझोर अहाय, त्याने तलवारीसाठी बायकोचा जीव घेतला, म्हणजे ज्याला त्याचा अवतार समजतात तो जॉन स्नोही कुणाला तरी मारणार. कुणाला? लावा पैजा.

थिअरीवाल्यांबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. जॉन स्नो खरा कुणाचा मुलगा हे लोकांनी 1997 मध्येच, म्हणजे पहिलं पुस्तक बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना ओळखलं होतं. मालिकेत ते यायला 2016 उजाडलं. एवढं बारकाईने तर आपण घराचं अ‍ॅग्रीमेंटसुद्धा वाचत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. किंमत मोजावी लागते हे मान्य, पण ती मोजतो कोण? हा प्रश्न आला की सगळे पुढच्या थिअरीकडे वळतात.

शिरीनचंच घ्या. बर्फात सैन्य अडकलंय, घोडे मरतायत, खायला नाही, आणि सिंहासनासाठी लढणारा स्टॅनिस राजा मेलिसांड्रे या अग्निपुजारणीच्या सांगण्यावरून स्वतःच्या मुलीला, शिरीनला, चितेवर चढवतो. जून 2015 मधला भाग. गणपतीत माझा भाचा घरी आला होता, इंजिनिअरिंगला आहे, त्याने नुकतीच सगळी मालिका एका दमात संपवली होती. ताटातली उकड संपायच्या आत आमचं जुंपलं.

"पण मावशी, काम झालं ना ते? दुसऱ्या दिवशी बर्फ वितळला ना?"

"वितळला. आणि रातोरात अर्धं सैन्य घोड्यांसकट पळालं. बायकोने गळफास घेतला. ते?"

"ते वेगळं गं. मॅजिक तर वर्क झालं."

हे 'वर्क झालं' मला फार ठिकाणी ऐकू येतं. पण त्या भागात चितेच्या आधी एक छोटा प्रसंग आहे, त्यावर कुणी थिअरी मांडलेली मी तरी वाचली नाही. स्टॅनिस दावोसला (करार करायला आपले मंत्री जातात ते दावोस नव्हे, हा पूर्वीचा स्मगलर, बोटं छाटलेला) उत्तरेच्या मोठ्या भिंतीपाशी असलेल्या कॅसल ब्लॅक किल्ल्यावर रसद आणायला पाठवतो. दावोस म्हणतो, मग राणीसाहेब आणि मुलीलाही माझ्याबरोबर द्या. स्टॅनिस नाही म्हणतो. बरं, निदान मुलीला तरी? नाही. माझं कुटुंब माझ्यापाशी राहील. मग दावोस शिरीनच्या तंबूत जातो, तिच्या हातात लाकडात कोरलेलं एक हरीण देतो. तिने त्याला वाचायला शिकवलेलं असतं, त्याची ती परतफेड. आणि निघतो.

स्टॅनिसला काय करायचंय हे त्याचं ठरलेलं असतं. त्याला हेही माहीत असतं की छावणीत एकच माणूस आडवा येईल. म्हणून आधी त्याची रवानगी.

हा प्रसंग पाहिला तेव्हा मला कशाची आठवण झाली सांगू? श्रावणात आजी कहाण्या वाचायची, त्यातल्या शीतला सप्तमीच्या कहाणीची. आटपाट नगर, तिथला राजा तळं बांधतो, काही केल्या पाणी लागत नाही. जलदेवता सांगतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा घरी येतो, दुःखी होतो, आणि मग मनाशी म्हणतो की पुष्कळ लोकांच्या जिवापुढे एका नातवाचं काय. पण सून कबूल कशी होणार? मग तोड काढतो: सुनेला माहेरी पाठवायचं, मुलाला ठेवून घ्यायचं. मुलाला न्हाऊमाखू घालतात, दागिने घालतात, पलंगावर निजवून तो पलंग तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवतात. तळं भरतं.

म्हणजे 'वर्क झालं'. आमच्या भाच्याच्या भाषेत.

ही कहाणी ज्याने कुणी, किंवा जिने कुणी, पहिल्यांदा सांगितली ती बाई (मला ती बाईच वाटते) मार्टिनइतकीच पक्की होती. राजा दुष्ट आहे असं ती म्हणत नाही. त्याला खरंच वाईट वाटतं, स्टॅनिसलाही वाटतं. पण जिला विचारायला हवं तिला आधी गावाबाहेर काढलं, हे ती नेमकं सांगते. पुढे सून माहेराहून परतते, वाटेत तळं लागतं, सप्तमी असते, ती पाण्यात उभी राहून मागणं मागते की आमच्या वंशातला कुणी बुडाला असेल तर परत मिळो. आणि पोराचा हात तिच्या पायाला लागतो. कहाणीने पोर परत दिलं. मार्टिन देत नाहीत. शेवट वेगळा आहे, खेळी तीच आहे.

मुंबईतही अशी एक गोष्ट आहे, फक्त तिच्यातली देवी जरा समजूतदार. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खाडी अडवायला हॉर्नबी वेलार्डचा बांध घालत होते; 1784 च्या सुमारास तो पुरा झाला. सांगतात ते असं, की बांध सारखा ढासळायचा. मग रामजी शिवजी प्रभू नावाच्या इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, मी समुद्रात पडलेय, मला बाहेर काढ. मूर्ती काढल्या आणि बांध टिकला. महालक्ष्मीचं आजचं देऊळ मागाहून, 1831 मध्ये, धाकजी दादाजींनी बांधलं. दंतकथाच आहे, इतिहास म्हणून सांगत नाहीये. पण बघा, अडचण तळ्यासारखीच पाण्याची, आणि देवीने मागितलं काय? ज्याचं काम अडलंय त्यानेच मेहनत करावी आणि तिला जागा द्यावी. कुणाचं पोर नाही मागितलं. म्हणजे किंमत मागणारी प्रत्येक जादू रक्तच मागते, असा काही सृष्टीचा नियम नाही. मागणाऱ्यावर आहे, आणि देणारा कुणाच्या घरात हात घालतो त्यावर.

आता पुन्हा त्या तीन अंड्यांकडे. चितेवर बांधलेली बाई म्हणजे मिरी माझ दूर. द्रोगोच्या लोकांनी तिचं गाव जाळलं, देऊळ जाळलं, तिच्यावर अत्याचार केले. डेनेरिस तिला 'वाचवते', पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. जिवाची किंमत फक्त मरणानेच फेडता येते, हे वाक्य हिचंच. चाहते ते नियम म्हणून वापरतात, आणि बोलणारी बाई कुठल्या अवस्थेत बोलतेय हे सोडून देतात. तिने डेनेरिसचं बाळ मुद्दाम मारलं की नाही यावर पानंच्या पानं वाद आहेत. मला विचाराल तर मुद्दाम मारलं, आणि ते वाईटच केलं. पण तीन जिवांच्या हिशेबात तिचा जीव 'किंमत' म्हणून धरताना कुणाचाच हात कचरत नाही, हे मला खटकतं. ती स्वतःहून चितेवर चढली नव्हती. तिला बांधलं होतं. ड्रॅगन निघाले तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, पार्श्वसंगीतच तसं होतं.

जळवांची थिअरी चटकन उरकते: मेलिसांड्रेने राजरक्त प्यायलेल्या तीन जळवा स्टॅनिसकरवी आगीत टाकवल्या आणि तीन राजे मेले. तिला ते मरणार हे आगीत आधीच दिसलं होतं, जळवा हा निव्वळ देखावा, असं अनेक जण म्हणतात. मलाही पटतं. हातचलाखी करणारे बुवा आपण काय कमी पाहिलेत?

दुसऱ्यांच्या अंगात शिरू शकणाऱ्या ब्रॅनचं मात्र जास्त त्रासदायक आहे, कारण तो पाय गेलेला गोड पोरगा आहे. पाचव्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच वारामिर नावाच्या, ब्रॅनसारखीच शक्ती असलेल्या माणसाच्या तोंडून आपल्याला नियम सांगितले जातात: प्राण्याच्या अंगात शिरून माणूस खायचा नाही, आणि दुसऱ्या माणसाच्या अंगात तर शिरायचंच नाही, त्यापेक्षा मोठं पाप नाही. पुढे त्याच पुस्तकात ब्रॅन त्याला पाठीवर वाहून नेणाऱ्या होडोरच्या अंगात शिरतो. पुन्हा पुन्हा. होडोर बिचारा आतल्या आत अंग चोरून बसतो. आणि ब्रॅन स्वतःची समजूत काढतो की मला फक्त थोडा वेळ पुन्हा सशक्त व्हायचंय, मग परत देईनच की. ही ओळ मला स्टॅनिसच्या चितेपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. ब्रॅनचा सोबती जोजेन, त्याचं रक्त ब्रॅनला गुहेत खायला दिलेल्या लापशीत मिसळलं होतं, ही थिअरी खरी निघाली तर तिथेही तेच: खाणाऱ्याला माहीत नाही, आणि ज्याचं रक्त त्याला कुणी विचारलं का, तेही माहीत नाही.

मग राहता राहिला आझोर अहाय. पाण्यात विझवली, तलवार फुटली. सिंहाच्या काळजात खुपसली, फुटली. मग बायकोला, निसा निसाला, बोलावलं, छाती उघडी करायला सांगितली आणि तलवार तिच्या काळजात घातली. जळती तलवार तयार. ही कथा दावोसला सांगतो सलाडोर सान नावाचा समुद्री चाचा. सांगताना तो मध्येच म्हणतो की तिने छाती का उघडी केली हे काही मला सांगता येणार नाही. चाच्यालासुद्धा तिथे थांबावंसं वाटतं! आणि ऐकणाऱ्या दावोसला तलवार दिसतच नाही, त्याला त्याची स्वतःची बायको आठवते, मारिया. अशी किंमत असेल तर आपल्याला नाही जमणार, असं त्याला वाटतं. इकडे आपले थिअरीवाले 'जॉनची निसा निसा कोण' यावर मतदान घेतात.

मालिकेत शेवटी मृतांच्या सैन्याच्या राजाला, नाइट किंगला, ब्रॅनची बहीण आर्याने खंजिराने संपवलं. आझोर अहायची जळती तलवार नाही, बायकोचा बळी नाही. लोक भडकले, एवढी वर्षं थिअऱ्या केल्या त्याचं काय म्हणून. आठव्या सीझनबद्दल बोलू नये तेवढं बरं, पण ही एक गोष्ट मला आवडली.

कुणी म्हणेल, काल्पनिक गोष्ट आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. बाहेरच्या चाहत्यांना असेलही काल्पनिक. आपल्याकडे गुप्तधनासाठी नरबळी ही पेपरातली बातमी असते. माझ्या आईच्या पिढीला परभणी जिल्ह्यातल्या मानवतची आठवण आहे, सत्तरच्या दशकात तिथे लहान मुलींचे खून झाले होते. पूल बांधताना पायात पोरं पुरतात, ही अफवा आम्ही मुंबईच्या चाळीतही लहानपणी ऐकली आणि घाबरलो. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा आपल्या राज्यात 2013 साली झाला, त्याआधी 20 ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला. अशा ठिकाणी बसून 'शिरीनला जाळणं नैतिकदृष्ट्या ग्रे आहे' हे मला म्हणवत नाही. त्यात ग्रे काही नाही. तिसऱ्या पुस्तकात स्टॅनिस विचारतो की एका राज्यापुढे एका अनौरस पोराच्या जिवाची किंमत ती काय, तेव्हा दावोस एका शब्दात उत्तर देतो: सगळं. आणि पुढे तो त्या पोराला, एड्रिक स्टॉर्मला, गुपचूप जहाजातून पळवूनही लावतो. आधी पोर पोचवलं, मग राजासमोर उभा राहिला. असा माणूस.

म्हणून पुढच्या पुस्तकाबद्दल माझी थिअरी ऐका. पुस्तकात अजून शिरीन जिवंत आहे. ती भिंतीपाशी आहे, आईबरोबर आणि मेलिसांड्रेबरोबर. बाप लांब विंटरफेलच्या बाजूला बर्फात. आणि दावोस? त्याला मँडर्ली नावाच्या सरदाराने ब्रॅनच्या धाकट्या भावाला, रिकॉनला, शोधायला स्कागोस बेटावर धाडलंय, जिथली माणसं माणसं खातात असं बोललं जातं. म्हणजे आडवा येणारा याही वेळी गावात नाही. भिंतीपाशी जॉन भोसकलेला पडलाय. बरेच जण म्हणतात की शिरीनच्या जिवावर जॉन उठेल, आणि एकदा मेल्यामुळे त्याची भिंतीवर जन्मभर पहारा देण्याची शपथ आपोआप सुटेल, मग तो राज्य घ्यायला मोकळा. काय वकिली डोकं आहे! मला वाटतं जॉन उठेल, त्याला कळेल, आणि शपथ सुटली की नाही हा मुद्दाच उरणार नाही, कारण तोवर दावोस रिकॉनला घेऊन परत आलेला असेल आणि पहिला प्रश्न विचारेल, मुलगी कुठाय. जॉन काय उत्तर देतो त्यावर तो कोण आहे हे मी ठरवीन, त्याच्या आईबापांच्या नावावरून नाही.

भाचा म्हणतो, तसं काही होणार नाही. पैज लागलीये, हरेल त्याने दादरला मालवणी थाळी द्यायची. पुस्तक येईपर्यंत थाळीचा भाव कुठे गेला असेल, त्याची थिअरी तुम्ही करा.