नीलम निझामाचा होता, खाण निझामाची नव्हती

मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतोय: जगातले सगळे मोठे नीलम भारतातले, बहुतेक काश्मीरचे, रॉकफेलर नीलम तर निझामाच्या, म्हणजे आपल्याच मुलखातल्या खाणीचा, आणि अस्सल नीलम टाकला की दूध निळसर दिसतं.

६२.०२ कॅरटचा रॉकफेलर नीलम १९३४ साली निझामाकडून विकत घेतला गेला, एवढंच खरं. खडा मूळचा बर्माचा. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, वेरूळचं कैलास लेणं ज्यात कोरलंय तोच. विहीर खणताना त्याच्या पोकळ्यांत चमकदार स्फटिक लागतात, पण ते झिओलाइट किंवा गारगोटी. नीलम म्हणजे कुरुंद, अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड. आपल्या कातळात सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, मुबलक आहे; ती मुबलक असली की अ‍ॅल्युमिनियम तिच्याशीच बांधलं जातं आणि कुरुंद तयार होत नाही.

नावांवरही जाऊ नका. ‘स्टार ऑफ इंडिया’ (५६३.३५ कॅरट) आणि ‘स्टार ऑफ बॉम्बे’ (१८२ कॅरट) दोन्ही श्रीलंकेचे. सुमारे ४२३ कॅरटचा, म्हणजे जवळपास ८५ ग्रॅमचा लोगन नीलमही तिथलाच. तिथे खडे मूळ खडकातून सुटून नदीच्या वाळूगोट्यांत येतात. तडे गेलेले वाटेत फुटतात, एकसंध तेवढे उरतात. काश्मीरचा मान रंगाचा, आकाराचा नव्हे. काश्मिरी नीलमाची पाडर इथली मूळ खाण १८८७ पर्यंत बहुतांश उपसून झाली होती.

दुधाची परीक्षा तर सोडूनच द्या. निळी काचही दुधात तशीच झाक देते. त्यापेक्षा अंगठीतून खडा काढून आधी हवेत तोला, मग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागा. ५ कॅरटचा नीलम पाण्यात ३.७५ भरतो, फरक १.२५, उत्तर ४. साधी काच २.५ च्या आसपास येते. खड्याला बुडबुडा चिकटला तर पाण्यातलं वजन कमी भरतं आणि अस्सल खडाही हलका ठरतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.

मात्र कृत्रिम नीलमचंही उत्तर ४ च येतं. तिथे दहापट भिंग हवं: ज्वालेत बनवलेल्या खड्यात वक्र रेषा आणि गोल बुडबुडे दिसतात, नैसर्गिक खड्यात रंगाचे पट्टे सरळ जाऊन कोनात वळतात. खाण कुठली, हे मात्र भिंगातून कुणी छातीठोक सांगू लागला तर थांबा. पावतीवर ‘काश्मिरी’ लिहून देणाऱ्या सराफाकडे रत्नप्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, आणि खडा तापवून रंग खुलवलाय का, हेही त्यात बघा.