चोंगकिंगची रील आणि मुंबईची धुलाई

दर महिन्या-दोन महिन्यांनी ती रील फिरून येतेच. चीनमधल्या चोंगकिंगच्या लिझिबा स्टेशनात इमारतीच्या पोटातून निघणारी मोनोरेल, रात्रीचा झगमगाट आणि वर ठोकून दिलेलं वाक्य: 'जगातलं सर्वांत मोठं शहर, लोकसंख्या ३.२ कोटी!' खाली कॉमेंटमध्ये मुंबईची यथेच्छ धुलाई.

आकडा खोटा नाही. २०२० च्या जनगणनेत चोंगकिंगची लोकसंख्या तेवढीच भरली. पण ज्या हद्दीत ती मोजली, तिचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. मराठवाड्यापेक्षा मोठं, विदर्भापेक्षा थोडं लहान. या 'शहरात' डोंगर आहेत, भातशेती आहे, यांगत्से नदीच्या खोल घळी आहेत. फेंगजिए नावाचा भाग मूळ शहरापासून रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटरवर, संत्र्यांसाठी नावाजलेला. नदीकाठच्या चढावर संत्री तोडणारा तिथला शेतकरी कागदोपत्री चोंगकिंगवासी. उद्या अख्खा विदर्भ 'नागपूर शहर' म्हणून जाहीर केला, तर वरूड-मोर्शीचे बागायतदारही नागपूरकर होतील आणि नागपूर रातोरात दोन कोटींच्या वर जाईल. रील बनवा मग!

ही हद्द आखली १९९७ साली. तोवर हा सगळा मुलूख सिचुआन प्रांतात होता. यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणाच्या पाण्याखाली जाणारी बहुतेक गावं याच पट्ट्यातली, दहा लाखांहून जास्त माणसं हलवायची होती, आणि अवाढव्य सिचुआनला ते झेपेना. म्हणून हा भाग तोडून थेट केंद्राच्या हाताखाली घेतला. खरं दाट वस्तीचं शहर म्हणजे मधले नऊ जिल्हे, साधारण एक कोटी लोक. तेही काही कमी नाहीत म्हणा.

अर्थव्यवस्थेच्या बातम्यांतही हाच घोळ. २०२४ मध्ये चोंगकिंगने जीडीपीत दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू शहराला मागे टाकलं, म्हणून केवढा गाजावाजा! ग्वांगझूची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख, क्षेत्रफळ चोंगकिंगच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. दरडोई काढा, ग्वांगझू आजही कितीतरी पुढे आहे. (क्षेत्रफळावरच जायचं तर मंगोलियाच्या सीमेलगतचं, चीनचंच हुलुनबुइर घ्या. नावाला शहर, आकाराने ब्रिटनपेक्षा मोठं आणि बराचसा भाग गवताळ माळ नि जंगल.)

मुंबईच्या बाबतीत आपण नेमकी उलटी चूक करतो. शांघायचं क्षेत्रफळ सुमारे ६,३४० चौरस किलोमीटर. त्याच्यासमोर आपण महापालिकेची पाचशेच्या आतली मुंबई उभी करतो आणि ठाणे, कल्याण, वसई, पनवेल सोडून देतो. मुंबई महानगर प्रदेश घ्या की! ६,३२८ चौरस किलोमीटर. जवळजवळ तेवढाच, लोकसंख्याही दोन कोटींच्या पुढे. जोड लावायची तर ही लावा.

आणि या जोडीत आपण सपाटून हरतो, तेही कबूल करा. शांघायची मेट्रो ८०० किलोमीटरच्या पुढे गेली. सगळ्या हद्दीला एकच नगर सरकार. आपल्याकडे त्याच आकारात नऊ महापालिका, शिवाय नगरपालिका, आणि रस्त्यावरचा खड्डा कोणाच्या हद्दीत यावर पत्रव्यवहार.

पण शांघायचं कौतुक करताना हुकौही विसरू नका. प्रत्येक कुटुंबाची नोंद एका ठरावीक ठिकाणाशी बांधणारी ही नोंदवही, १९५८ पासून पक्की झालेली. शांघायच्या २ कोटी ४८ लाख रहिवाशांपैकी साधारण एक कोटींची नोंद तिथली नाही, बाहेरच्या प्रांतांतली. हॉटेलांत, कारखान्यांत, बांधकामावर राबायचं शांघायमध्ये, पण पोराला कॉलेज प्रवेशाची परीक्षा तिथे सहजासहजी देता येत नाही. ती द्यायला पुन्हा गावाकडे. म्हणून कित्येक आईबाप शहरात आणि पोरं आजी-आजोबांकडे खेड्यात. कोकणातून येऊन गिरणीत लागलेल्या माणसाची पोरं मुंबईतच शिकली, मुंबईतच मॅट्रिक झाली, त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. घर मात्र दहा बाय दहाचं होतं.