आजीच्या कथेतली मातंगी कुठं गेली?

सकाळी घरच्या ग्रुपवर यल्लम्मादेवीची ‘संपूर्ण कथा’ आली. दोन मिनिटांचा व्हिडिओ, मशीनचा आवाज. रेणुका, म्हणजेच यल्लम्मा, नदीवर जाते, गंधर्व दिसतो, जमदग्नी कोपतात, परशुराम आईचं शीर उडवतो, मग वर मागतो, आई उठते. संपलं. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी डबा भरता भरता थांबले.

मातंगी कुठं गेली?

माझी आजी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली. चुलीपुढं बसून सांगायची. वाळूची घागर, नागाची चुंबळ, मलप्रभेचं पाणी. शीर उडतं तिथं तिच्या कथेत मातंगी, मातंग समाजाची बाई, रेणुकेला वाचवायला मधे यायची आणि दोघींच्या शिरांची अदलाबदल व्हायची. “डोंगरावर गेलीस की मातंगीला बी हात जोड बाई, तिला सोडून आईकडं जायचं न्हाई.” अर्धं मराठी, अर्धं कानडी, मधेच “उधो उधो!”

सौंदत्तीच्या डोंगरावर, यल्लम्माच्या ठाण्यी, मातंगीचं देऊळ आजही आहे. तुमच्या ‘संपूर्ण’ कथेतच तेवढी तिला जागा नाही! देवीच्या पायाशी कोण बसायचं हे ठरवणारे तुम्ही कोण?

२०१६ साली मी आजीचा आवाज फोनवर घेतला होता. अकरा मिनिटं. फोन बिघडला, दुकानात दिला, त्यांनी न विचारता सगळं पुसून परत दिला. पुढच्या वर्षी आजी गेली.

बरं, पोरांच्या कानावर देवीचं नाव पडतं, एवढं व्हिडिओचं मानते. आणि देवीला पोरी सोडण्याची, देवदासी करण्याची चाल कुणी जपा म्हणत नाही, कर्नाटकात १९८२ चा कायदा त्यासाठीच झाला. पण ज्या बायकांनी ते भोगलं, त्यांचीही गाणी त्यांच्याच तोंडून घ्या. त्या गाण्यांना साथ करणाऱ्या चौंडकं या वाद्यासकट. मार्गशीर्ष पुनवेला देवी विधवा होते, तिच्या बांगड्या फुटतात, माघ पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. त्या दोन पुनवांच्या मधे आजीचा आवाज कथा सांगताना खाली यायचा. तो खाली आलेला आवाज कुठल्या पुस्तकात सापडणार?

म्हणून हात जोडून सांगते, घरात म्हातारं माणूस असेल तर आजच बोलतं करा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आधी बोलून घ्या. कानडी शब्द कानडीच राहू द्या. चुकलं वाटलं तरी दुरुस्त करू नका. आणि फाईल एकाच फोनवर ठेवू नका गं, पाया पडते.

आजीची धाकटी बहीण नंदगडला आहे. ऐकू कमी येतं, पण गाणी पाठ आहेत म्हणे. रविवारी जाते. तिला आधी मातंगीचंच विचारणार आहे.