माझं ‘नाही’ तुम्ही कोण धरणार?

आज जेवण नीट गेलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमची कंपनी गुजरातेत, अहमदाबादजवळच्या साणंदला चाललीय हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. दिवाळीनंतर इथली, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली शेड रिकामी. आज दुपारी एचआरचा मुलगा (मुलगाच, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल) क्वालिटीच्या टेबलापाशी यादी घेऊन आला. नाव, डिपार्टमेंट, सर्व्हिस, मग दोन रकाने, इच्छुक आणि अनिच्छुक, आणि शेवटी सही. मी प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) पुसत होते. तेलाचे हात पुसून कागद घेतला तर माझ्या नावापुढे ‘अनिच्छुक’च्या रकान्यात आधीच पेन्सिलीने बारीक टिक केलेली. हे कुणी केलं, विचारलं. तर म्हणतो, “मॅडम, तुमचं आम्ही नाहीच धरलंय. उगाच तुम्हाला त्रास नको.”

यादीत बेचाळीस नावं आहेत आणि पेन्सिलीच्या खुणा पाच. पाचही बायकांपुढे. आमच्या शिपिंगच्या एका काकांची दोन वर्षांत रिटायरमेंट आहे, गुडघे गेलेत, ते साणंदच काय सातपूरलासुद्धा जायचे नाहीत. त्यांचे रकाने मात्र कोरे. त्यांना विचारायचं असतं ना!

१७ वर्षं झाली मला. २००८ला लागले तेव्हा पगार किती होता ते सांगत नाही, हसाल. त्याच वर्षी नॅनोचा कारखाना सिंगूरहून साणंदला गेला. चहाच्या सुट्टीत त्यावर काय काय विनोद चालले होते, मीही हसले होते. बंगालच्या लोकांचं नशीब, आपलं काय! आता आपल्याच मशीनांच्या पायातले बोल्ट गॅसकटरने कापताना बघतेय.

कंपनी का जातेय यावर मला भांडायचं नाही. विजेचे दर, जागा, बड्या गाड्यांच्या कंपन्या तिकडे आहेत आणि आम्ही त्यांना माल देणारे. असेल, कारणं खरी असतील. पुढाऱ्यांनी चार दिवस टीव्हीवर ओरडून घ्यावं आणि घरी जावं, वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना गुजरातला गेला तेव्हा २०२२मध्ये ओरडले तसंच. माझं डोकं फिरलंय ते त्या पेन्सिलीवर.

मला सांगा, लग्न करून संगमनेरहून नाशिकला आले तेव्हा मला कुणी इच्छुक-अनिच्छुक विचारलं होतं? तेव्हा माझी तिथे नोकरी होती, छोटी का होईना. आई-वडील, मैत्रिणी, सगळं सोडून एका ट्रकमागे बसून आले आणि सगळे म्हणाले, पोरीची जात, रुळेल. बाई गाव सोडून जगू शकते हे तेव्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. आता स्वतःच्या नोकरीसाठी जायचं म्हटलं तर तीच बाई एकदम नाजूक झाली होय?

संध्याकाळी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, “मग तुला जायचंय का?” मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, “मग चिडतेस कशाला?” घ्या! याला काय समजवायचं. मेथी निवडायला घेतली आणि अर्धी जुडी काड्यांसकट भाजीत टाकली.

बरं, आता खरं सांगते. बहुतेक मी जाणार नाही. मुलगी अकरावीला आहे, नीटची तयारी चाललीय. मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच हवी, त्यामुळे तिला घेऊन जायचा प्रश्नच नाही. एकटीने जायचं तर जवळपास पाचशे किलोमीटर. शनिवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, सापुताऱ्याचा घाट उतरताना झोपमोड, रविवारी इथे पोळ्या लाटायच्या आणि रात्री परत गाडीत. हे सगळं मला कळतं, मी काही खुळी नाही. पण पुरुष हेच करतात तेव्हा ‘बिचारा घरासाठी किती करतो’ असं म्हणतात. आमच्या टूलरूमचे तिघं चाललेत बायकापोरं इथे ठेवून. त्यांना कुणी विचारलं का, पोळ्या कोण करणार? (त्या तिघांची खरी अडचण गुजरातची दारूबंदी आहे. बाहेर मात्र आईवडिलांचं वय सांगतात.)

आणि ती टिक दिसते तेवढी साधी नाही, हे युनियनमध्ये राहिलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने फोनवर समजावलं. ग्रॅच्युइटी कुठे जात नाही. बेसिक-डीए २६ हजार धरा, भागिले २६, गुणिले १५, गुणिले १७ वर्षं, झाले २ लाख ५५ हजार. पण कारखाना बंद झाला म्हणून कामगाराला मिळणारी भरपाई, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, ती वेगळी. आणि ‘अनिच्छुक’वर तुम्ही सही केलीत की उद्या कुणी म्हणेल, बाईंनी स्वतःच बदली नाकारली, राजीनामाच समजा. त्यात माझ्या २००८च्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘भारतात कुठेही बदली’ हे वाक्य आहे. आज कपाटातून काढून वाचलं, सही करताना वाचलं नव्हतं. मी कामगारात धरली जाणार की स्टाफमध्ये, त्यावरही बरंच ठरणार. एवढं सगळं त्या एका रकान्यात अडकलंय आणि हे म्हणतात त्रास नको! माझ्यासारखी यादी कुणाकडे फिरत असेल तर बायांनो, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आता थोडी शांत झालेय. तो मुलगाही वाईट नाही हो. बुलढाण्याकडचा आहे, बायकोला सातवा महिना. त्याला जायचंच आहे, एचआरला कोण विचारतंय. मी खोडरबर मागितलं तर त्याने स्वतः स्टोअरमधून आणून दिलं आणि मान खाली घालून उभा राहिला. मी टिक पुसली, कागदावर दाब राहिलाच. “सही शुक्रवारी करते,” म्हटलं. तो म्हणाला, “मॅडम, घरची माणसं नाही म्हणतात ना शेवटी, म्हणून धरलं.”

घरची माणसं! त्यांचं सांगते. नऊ वाजता भांडी आवरताना सासूबाई ओट्यापाशी आल्या. त्या सहसा माझ्या नोकरीत तोंड घालत नाहीत, लागले तेव्हा सहा महिने अबोला होता तो विषय निराळा. म्हणाल्या, “जायचं असलं तर जा. पोरीचं मी बघते बारावी होईस्तोवर. माझं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करू.” एवढं बोलून देवघरातला दिवा मालवायला गेल्या. मी नळ चालू ठेवून बराच वेळ तिथेच उभी.

आता गंमत बघा, दुपारपर्यंत मी नव्वद टक्के ‘नाही’च होते. आत्ता रात्री साडेअकराला साणंदमध्ये बाईमाणसाला खोली काय भाड्याने मिळते ते शोधतेय. साणंद किंवा अहमदाबादला कुणाची ओळख असेल तर इनबॉक्स करा. नुसतं भाडं आणि डिपॉझिट कळलं तरी चालेल. जाणार आहे असं म्हणत नाहीये. आणि घरात कुणाला टॅग करू नका, नवरा झोपलाय.