लाल वायर लालात, काळी काळ्यात, एवढंच होतं

600 रुपये घेतले स्पीकर बसवायला आलेल्या त्या पोरानं. 600! आणि दारात चप्पल घालता घालता आईला सांगून गेला, "मावशी, आता एकदम डॉल्बीसारखं वाजतंय बघा, काय टेन्शन नाही."

गणपतीआधी घर रंगवायला काढलं. पेंटर लोकांनी हॉलमधले पाचही स्पीकर उतरवले, वायरी गुंडाळून एका पिशवीत कोंबल्या. ते परत बसवायला मला येतं, पहिल्यांदा मीच बसवलेले, पण या आठवड्यात सुट्टी मिळेना आणि पाहुणे दारात, म्हणून दुकानात फोन करून माणूस बोलावला. हीच चूक झाली.

संध्याकाळी घरी आलो तर आई टीव्हीसमोर कानामागं हात धरून बसलेली. आवाज नेहमीपेक्षा मोठा, कपाटाच्या काचा थरथरतायत, आणि ती म्हणते, "आवाज येतोय रे, पण शब्द कळेनात."

माझं डोकंच फिरलं. कारण हे सगळं 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि बेससाठी वेगळा सबवूफर, घेतलं ते आईला शब्द कळावेत म्हणूनच. आजकालच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागं तोंड करून असतात, भिंतीशी बोलतात, माणसाशी नाही. पिक्चरमधलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या सेंटर स्पीकरमधनं येतं, तो नीट असला की आवाज न वाढवता म्हाताऱ्या माणसाला शब्द न शब्द कळतो. आणि त्या बहाद्दरानं सेंटर कुठं ठेवलाय, तर टीव्ही युनिटच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, वीतभर आत ढकलून, का तर "शोला बरं दिसतंय". तो आता आईच्या गुडघ्यांशी बोलतोय! सेंटर कप्प्याच्या अगदी कडेला पाहिजे, पुढनं थोडा उचलून, तोंड कानाकडं. मी रबराचे दोन तुकडे कापून खाली लावलेले, ते कचऱ्याच्या डब्यात सापडले.

मग कुमार गंधर्वांचं जुनं भजन लावलं, मोनो रेकॉर्डिंग, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेला माणूस, त्याचा आवाज माझ्या कानात बसलाय. मोनो रेकॉर्डिंग डाव्या-उजव्या दोन स्पीकरवर लावलं की गाणारा बरोबर मधोमध बसला पाहिजे, इथं बसलाय म्हणून बोट दाखवता आलं पाहिजे. इथं आवाज खोलीभर पांगलेला, डोक्याच्या मागनं आल्यासारखा, पोकळ, आणि तंबोऱ्याचा खर्ज गायब. तिथंच कळलं. टॉर्च घेऊन मागं वाकलो तर डाव्या स्पीकरला लाल पट्टीची वायर काळ्या टर्मिनलमध्ये, आणि तांब्याचा एक केस बाहेर लोंबतोय, शेजारच्या टर्मिनलपासून सूतभर अंतरावर. तो टेकला असता तर शॉर्ट होऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्पच जाऊ शकला असता, मग दुकानदार नवीन ॲम्प घ्या म्हणायला मोकळा.

खात्री करावी म्हणून ॲम्पकडनं वायर सोडवली, रिमोटमधला पेन्सिल सेल काढला, लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला क्षणभर टेकवलं. स्पीकरची जाळी काढून ठेवलेली. कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर यायला पाहिजे, तो टक् करून आत गेला. उलटाच! एक स्पीकर हवा पुढं ढकलतोय तेव्हा दुसरा मागं ओढतोय, मग बेस एकमेकात मरणार नाहीतर काय होणार? लाल लालात, काळी काळ्यात, पहिलीतलं पोर करेल हे काम.

आता माईकचं ऐका. रिसीव्हरबरोबर, म्हणजे त्या ॲम्पबरोबरच, सेटिंगचा एक माईक येतो, तो आपण बसतो तिथं ठेवायचा, कानाच्या उंचीवर, घरात चिडीचूप पाहिजे, मग प्रत्येक स्पीकरमधनं फुस्स फुस्स आवाज येतो आणि मशीन अंतर, लेव्हल सगळं मोजतं. यानं माईक ठेवला टीव्ही युनिटवर, डाव्या स्पीकरला खेटून! आई म्हणाली, तो फोनवर बोलत होता आणि आत मिक्सर चालू होता. मेनूत जाऊन बघितलं, डावा स्पीकर 1 फूट. मी बसतो 9 फुटांवर. आवाज एका मिलिसेकंदात फूटभर जातो, मशीनला वाटलं डावा जवळ आहे, म्हणून त्याचा आवाज दाबला आणि वर सात-आठ मिलिसेकंद थांबवून ठेवला. मशीनची काय चूक? मशीननं सांगितलं तसं केलं, माणसानं केलं नाही. आणि एवढ्याएवढ्या पाच इंची स्पीकरना मेनूत 'लार्ज' करून ठेवलंय, म्हणजे सगळा बेस यांनीच वाजवायचा, अरे 80 हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडं जाऊदे की, त्यासाठीच तर तो घेतलाय.

आणि भोकं! मागच्या दोन स्पीकरचे ब्रॅकेट भिंतीत होते तसेच होते, बसायच्या जागेच्या बाजूला आणि किंचित मागं, समोरून मोजलं तर 110 अंशांवर, कानापेक्षा हातभर वर. कोनमापक घेऊन मोजलेलं सगळं. ते सोडून यानं छताला चिकटून कोपऱ्यात नवीन ड्रिल मारलं, कालच्या ओल्या रंगावर, खाली लाल भुकटीचा ओघळ. वटवाघळं टांगल्यासारखे दिसतायत ते स्पीकर.

सबवूफर कोपऱ्यात दाबला की आवाज वाढतो, हे खरं आहे, पण घुमतो. माझा हॉल 14 फूट लांब, त्या लांबीत 40 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतीत अडकतो आणि कडेला फुगतो. म्हणून सब सोफ्यावर ठेवायचा, गाणं लावायचं, आपण जमिनीवर रांगत फिरायचं आणि जिथं बेस सरळ, साफ ऐकू येतो तिथं सब न्यायचा. मी रांगलोय तासभर. घरचे हसले, हसूदेत.

दुकानात फोन केला. मालक म्हणतो, "सर, आवाज मोठा येतोय ना? मग झालं की. आगतैती बिडरी, होतंय सोडा, कानाला सवय होते." कानाला सवय! हेच ऐकत आलोय. फर्निचरवाल्यानं सेंटरला काचेचा दरवाजा लावलेला, तेव्हाही हेच. मागच्या वर्षी हम येत होता, 50 हर्ट्झची घूं घूं, केबलच्या वायरीतनं येणारा, तर एक जण पक्कड घेऊन प्लगची अर्थिंगची पिनच मोडायला निघालेला. जीव जाईल त्यात कुणाचा! केबलची वायर काढून बघितली की लगेच कळतं, पण बघणार कोण. सेट-टॉप बॉक्स लावणाऱ्यानं आवाज स्टिरिओवर ठेवलेला, सहा महिने पाच स्पीकर घेऊन आम्ही दोनच ऐकत होतो.

आणि ते "डॉल्बीसारखं". आपल्याकडं डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची भिंत, छातीत धडधड करणारी. रे डॉल्बी नावाच्या माणसानं 1965 मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. नको तो आवाज काढून टाकायला! त्याचं नाव आपण कानठळ्यांना दिलं, आणि आता तेच माप घेऊन ही पोरं लोकांच्या हॉलमध्ये शिरतायत. विसर्जनाच्या रात्री आई उशीखाली कान दाबून पडते, तिच्या घरात येऊन हा सांगतो डॉल्बीसारखं वाजतंय. पाहुणेही तसलेच, रिमोट हातात आला की "जरा वाढव की रे".

दुकानदार म्हणाला, उद्या परत पोराला पाठवतो. मी म्हटलो, पोरगा नको, 600 रुपये पाठवा आणि भोकं बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, पाठवा.

रात्री साडेअकरापर्यंत लागलो होतो. वायरी सरळ केल्या, टोकं पिळून आत घातली, सेंटर पुढं ओढून रबर परत लावलं, माईक आईच्या जागेवर, तिच्या कानाच्या उंचीला. पंखा बंद, फ्रिजसुद्धा बंद केला पाच मिनिटं. आई तोवर झोपली होती. सकाळी ती उठली की पहिलं भजन लावणार, कमी आवाजात, आणि त्या टीव्ही युनिटला आता कोणी हात लावायचा नाही, गणपतीचं मखर करायलासुद्धा नाही. मखर पलीकडच्या भिंतीला करूया.