कमिट अ‍ॅक्सेस देऊन मोकळं व्हा? एवढं सोपं नाहीये

ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांवरचा बाकी लेख पटला, पण त्यातलं "झेपत नसेल तर मेंटेनरने दुसऱ्याला कमिट अ‍ॅक्सेस देऊन मोकळं व्हावं" (म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने कोड थेट बदलायचा हक्क दुसऱ्याला द्यावा) हे काही पचलं नाही. एक्सझेडमध्ये (लिनक्सवरचं फाइल्स लहान करणारं टूल) नेमकं हेच झालं ना! एकटा माणूस फुकटात प्रोजेक्ट ओढत होता, तब्येतीचं सांगितलं तरी अनोळखी अकाउंट्स "पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) का अडकलेत" म्हणून मागे लागली, मग मदतीला आलेल्या भल्या वाटणाऱ्या गड्याला हक्क मिळाले आणि २०२४ मध्ये ५.६.० अन् ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, निघाला. तोही सापडला कसा, तर पोस्टग्रेस डेटाबेसवाल्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं म्हणून.

मी एका छोट्या कोड लायब्ररीचे इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी अन् मागण्या, बघतो. नवीन फीचर घेऊन येणारे ढीगभर, पण जुन्या व्हर्जनवर फिक्स बॅकपोर्ट करा (नवी दुरुस्ती जुन्यातही आणा), सीआय (कोड आपोआप बनवून तपासणारी यंत्रणा) लाल का झालं बघा म्हटलं की सगळे गायब. यावरून आमच्यात चांगलंच वाजलं, एक म्हणे ज्याने फीचर घातलं त्यानेच निस्तरावं, दुसरा म्हणे फुकट काम करणाऱ्याला हे सांगणारे आपण कोण (दोघांचंही बरोबरच होतं म्हणा). शेवटी अ‍ॅक्सेस तुकड्यातुकड्याने द्यायचं ठरलं, आधी लेबलं लावणं आणि डुप्लिकेट बंद करणं, मग रिव्ह्यू, रिलीजचे हक्क सगळ्यात शेवटी. एक्सझेडवाला हल्लेखोर दोन वर्षं थांबला होता, तो यानेही अडला असता असं नाही, पण त्याची घातक बिल्ड स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये (रिलीजसाठी बांधलेलं कोडचं गाठोडं) होती, सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच, म्हणून आमचा टारबॉल आता कोणाच्या लॅपटॉपवर बनत नाही, सीआयवरच बनतो.